रिकामी टोपली

चिमू, बंडू, तुमचे पत्र पोचले. कराचीत शेजारच्या घरी देवी आल्या आहेत आणि तुमची आई रोज दुपारी तिथे जाऊन बसते, म्हणून तुम्ही रुसला आहात. ‘आजी, तूच तिला लिही, जाऊ नको म्हणून,’ असे चिमूने लिहिले आहे. मी तसे लिहिणार नाही. पण ती का जाते, हे तिला स्वतःला पुरते आठवत नसेल. आठवणारी आता मीच उरले आहे, म्हणून लिहिते.

तुमची आई चार वर्षांची असताना ठाण्यात देवीची साथ आली. देवीची लस टोचणारा आमच्या आळीत पोचण्याआधीच तिला ताप भरला. तुमचे आजोबा कचेरीच्या कामाने सुरतेस होते. घरात मी आणि सासूबाई. वडिलांनी मला हौसेने इंग्रजी शिकवले होते. देवी हा रोग आहे, एवढे मला ठाऊक होते. सासूबाईंनी दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला, फोडणी बंद केली आणि देवीला घरी आलेली पाहुणी मानून हात जोडले. माझे हात काही जोडले जाईनात, आणि वाचलेल्या ज्ञानाचाही उपयोग होईना. पोरीच्या पापण्या फोडांनी मिटून गेल्या. वैद्यबुवा म्हणाले, जीव वाचेल, डोळ्यांचे सांगवत नाही. तेव्हापासून मी उशाशी बसून नुसती रडत असे.

“तुझ्या इंग्रजी पुस्तकात असंच लिहिलंय का गं, पाहुणीपुढे रडत बसावं म्हणून?” सासूबाई म्हणत. टोमणाच होता, पण म्हणता म्हणता त्या पोरीचे पांघरूण सारखे करीत.

दारावरचा डहाळा पाहून येणारी माणसे उंबऱ्यावरूनच परतत. एका सकाळी डोक्यावर टोपली घेतलेली कोळीण दारात उभी राहिली. मी आतूनच सांगितले, “बाई, घरी देवी आल्यात. मासळी नको.”

“म्हनून तं आलंय,” ती म्हणाली. “टोपली रिकामीच हाय.”

ती खाडीकाठच्या कोलशेत गावची जानी. आमच्या आळीत ती कधी येत नसे. त्या दिवशी बाजारातून परतताना का वळली, ते तिलाही सांगता आले नाही; वळली आणि आमच्या दारावरचा डहाळा तिला दिसला. तिचा सगळा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला होता. ती थेट माजघराच्या दाराशी आली आणि थांबली. सासूबाई कडक सोवळ्याच्या. कोळणीने पोरीला हात लावावा की नाही, हे त्यांनीच ठरवायचे होते. त्यांनी तिच्या चेहऱ्यावरचे वण पाहिले. मग मला म्हणाल्या, “बघतेस काय? पाट दे तिला. देवीची सोबतीण आहे ती.”

जानी बसली. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ फडके भिजवून ती पापण्या हलकेच पुसू लागली, आणि माशांच्या गोष्टी सांगू लागली, जणू पोर गोष्टी ऐकायलाच पडून होती. मला पुन्हा हुंदका आला. “रडू नको गो बाय,” ती म्हणाली. “पोर डोल्यांनी बघत नाय, पन कानांनी तुलाच बघते. रडाचं तं मागल्या दारी जा, मंग ये.” मी मागल्या दारी गेले, पोटभर रडले, तोंड धुऊन आले. धीर अंगात आणता येतो, हे मला त्या दिवशी कळले.

तिची दोन्ही मुले देवीतच गेली होती. “मंग देवीलाच सांगितलं, तू ज्या घरी येशील तिथं लोकांच्या पोरांपाशी मी बसन,” एवढेच ती बोलली. मी विचारले, ही देवी की रोग? ती हसली. “तुला काय म्हनाचं तं म्हन. फडकं पिल,” म्हणून तिने ते पिळायला माझ्या हाती दिले.

ती रोज येत राहिली. एका सकाळी पोरीची उजवी पापणी उघडली, मग डावी. बराच वेळ ती माझ्याकडे पाहत होती. म्हणाली, “आई, तुझं कुंकू फिसकटलंय.”

सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या. मी जानीच्या पाया पडायला वाकले, तर तिने मला वरच्या वर धरले. “पाया नको पडू. टोचलंय ना तुला ल्हानपनी? मंग चल. पल्याडच्या आलीत डहाला लागलाय.” मी सासूबाईंकडे पाहिले. “जा,” त्या म्हणाल्या, “मी आहे हिच्यापाशी.”

तेव्हापासून मी जात आले. पुढे तुमची आई मोठी झाली, तीही बरोबर येऊ लागली. प्रत्येक घरी डोळे उघडले नाहीत, प्रत्येक पोर वाचले नाही. आपण बसायचे, पुढचे आपल्या हाती नाही, हे पत्करायला मला फार वर्षे लागली. देवी की रोग, याचा निकाल मी अजून लावलेला नाही. हात मात्र जोडते. मी मागितलेही नव्हते, आणि जानी वाट सोडून आमच्या आळीत वळली होती.

तुम्हा दोघांना टोचलेले आहे, तेव्हा आईपायी तुम्हाला काही होईल ही भीती सोडा. सासूबाई गेल्या. जानीही गेली. बसायची रीत राहिली आहे. इथे मी जाते, तिथे तुमची आई जाते.