तीनदा मेलेला राजा

माझे बाबा आमच्या गिरगावातल्या चाळीच्या गणेशोत्सवाचे अध्यक्ष होते, आणि हे अध्यक्षपद त्यांना कसं मिळालं ते कोणालाच आठवत नव्हतं. बहुधा एखाद्या वर्षी सभेला लवकर जाऊन ते पुढच्या खुर्चीत बसले असावेत आणि ‘उठा’ म्हणायला कोणाची जीभ रेटली नसावी. फोर्टातल्या एका कंपनीत ते डिस्पॅचला होते. तिथे त्यांना स्टूल होतं, पण कोणी ना कोणी साहेब सारखा ये-जा करायचा, त्यामुळे त्या स्टुलावरही त्यांना धड टेकायला मिळत नसे. वर्षभर लोकांपुढे उभा राहणारा हा माणूस भाद्रपदातले दहा दिवस मात्र बसायचा. तळमजल्यावरच्या डॉक्टरांची हातांची खुर्ची मंडपात यायची, तिच्यावर शाल पडायची आणि बाबा तिच्यात असे काही बसायचे की बघून मला हसूही यायचं आणि भरूनही यायचं. आई गेल्यापासून त्यांनी कशाचा हट्ट धरला नव्हता. ती खुर्ची तेवढी त्यांना हवी असायची.

खुर्चीवर डोळा होता उत्सवाच्या चिटणिसांचा. ते विम्याचे एजंट होते, त्यामुळे माणूस मरण्याबद्दल फार सहज बोलत. उत्सवाची सगळी धावपळ तेच करत, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मंडपवाला, लायटिंगवाला, पोलिसांची परवानगी, सगळं त्यांच्या अंगावर. बाबा फक्त आरतीच्या वेळी ताम्हन धरायचे आणि वर्गणी न देणाऱ्यांच्या घरी जाऊन चहा पिऊन यायचे.

त्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. गिरगावात सभा नाही असा दिवस उजाडत नव्हता. चाळीचा अध्यक्ष म्हणजे आता नुसता ताम्हनधारी राहिला नव्हता. सभेत त्याला व्यासपीठावर जागा मिळायची, मोर्चात पहिल्या रांगेत. शिवाय म्युनिसिपालटीच्या निवडणुकीला आपल्या वॉर्डातून कोणाला उभं करायचं याची कुजबुज सुरू झाली होती. बाबांना यातलं काही सुचलंही नव्हतं. चिटणिसांना दुसरं काही सुचत नव्हतं.

उत्सवातलं नाटक त्या वर्षी चिटणिसांनी स्वतः लिहिलं. सेनापती राजाचा खून करतो, गादी बळकावतो, मग त्याची झोप उडते आणि शेवटी तोही मारला जातो, अशी ती शोकांतिका. सेनापती अर्थात ते स्वतः. त्याच्या तोंडी लांबच लांब भाषणं होती, आणि प्रत्येक भाषणाचा मथितार्थ एकच: मला गादी नको आहे, गादीला मी हवा आहे. त्याला खुनाला प्रवृत्त करणारी त्याची बायको म्हणून पोस्टातल्या एका कारकुनाने मिशी उतरवली होती. राजा बाबा, कारण अध्यक्षाला राजाचं काम द्यायचं हा आमच्या चाळीचा रिवाज. त्यात बसून राहण्यापलीकडे फारसं काही करावं लागत नाही. मी प्रॉम्प्टर. टेलिफोन एक्स्चेंजात नोकरी असल्यामुळे कानात हळू बोलायचं शिक्षण मला सरकार पगार देऊन देत होतं. शिवाय मुलगी स्टेजवर दिसता कामा नये, ऐकू आली तर चालेल, असं कमिटीचं मत होतं.

तर पहिल्या वाचनाला राजा तिसऱ्या अंकात मरत होता. तालमी सुरू झाल्यावर तो दुसऱ्या अंकात मरायला लागला. रंगीत तालीम जवळ येईपर्यंत तो पहिल्या अंकात, पडदा वर जाऊन बूड गरम होतंय न होतंय तोच मरू लागला.

“नाटकाला वेग हवा,” चिटणीस म्हणाले.

“असू दे,” बाबा म्हणाले, “लवकर मेलो तर चहा तरी गरम मिळेल.”

पण परळच्या आत्याला त्यांनी लगेच निरोप धाडला: वेळेवर ये, उशीर केलास तर मी नसेन. त्यांना लागलं होतं. मला तर इतका संताप आला होता की पुढच्या दोन तालमींत मी सेनापतीला एकही शब्द सुचवला नाही.

नाटकाच्या दिवशी सकाळी नळावर चिटणिसांची बायको माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी तिला काकू म्हणायचे. हंडा भरून वाहायला लागला तरी तिचं लक्ष नव्हतं.

“आज मध्यंतरात हे जाहीर करणार आहेत,” ती म्हणाली. “अध्यक्षांची तब्येत बरी नसते म्हणून त्यांनी कारभार माझ्याकडे दिलाय, असं. वॉर्डातले पुढारी येणार आहेत ना पुढे बसायला, त्यांच्यासमोर.”

“बाबांना विचारलंय का त्यांनी?”

“विचारायचं कसलं! मी म्हटलं, त्या माणसाला काय ती दहा दिवसांची खुर्ची, राहू दे की. तर म्हणाले, तुला राजकारण कळत नाही.”

नाटकातल्या बायकोने नवऱ्याला खुनापर्यंत ढकलत नेलं होतं. ही बिचारी त्याला मागे ओढता ओढता थकून गेली होती. मी तशीच वर जाऊन बाबांना सांगितलं. ते आरशासमोर दाढी चिकटवून बघत होते.

“छे गं. तो असं करणार नाही,” ते म्हणाले. “त्याला चिटणीस मीच केलाय.”

अगदी हेच वाक्य त्या नाटकात राजाच्या तोंडी होतं, फक्त ‘चिटणीस’च्या जागी ‘सेनापती’. मी कपाळाला हात लावला आणि कामाला लागले.

जमावबंदी कधी लागेल याचा नेम नसायचा, म्हणून नाटक दिवेलागणीच्या आतच सुरू करायची सक्त ताकीद होती, आणि ठरल्या वेळी संपवायची त्याहून सक्त. पटांगण गच्च भरलं होतं. तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांतून माणसं वाकली होती. पुढारी पहिल्या रांगेत, आत्या त्यांच्या मागे बायकांच्या रांगेत.

राजाच्या अंगरख्याच्या आत मी कोकमाच्या आगळाने भरलेला फुगा बांधला होता. सेनापतीने लाकडी खंजीर मारला, फुगा फुटला, छाती लालभडक झाली आणि बाबा कोसळले. ते कोसळणं खरोखरच सुंदर होतं. आधी एक गुडघा, मग हात, मग मुगुट. इतक्या वर्षांत मी त्यांना असं मोकळेपणाने काही करताना पाहिलं नव्हतं. आणि आता पडदा पडणार, ते संपले, पुढचे दोन अंक चिटणिसांचे. मला सहन होईना. मी विंगेतल्या पडद्यात तोंड खुपसलं आणि घसा जाड करून ओरडले, “वन्स मोअर!”

वन्स मोअर गाण्याला द्यायचा असतो हे मला माहीत होतं. चाळीलाही माहीत होतं. पण आमच्या चाळीत एक जण ओरडला की बाकीच्यांनी गप्प बसणं कमीपणाचं मानत. वरच्या गॅलरीतून “वन्स मोअर!” आलं, मग खालून, मग सगळीकडून. आणि वन्स मोअर आला की तो घ्यायचा, हे बाबांच्या पिढीच्या रक्तातच होतं. राजा उठला. त्याने अंगरखा झटकला, मुगुट डोक्यावर ठेवला, प्रेक्षकांना नमस्कार केला आणि सेनापतीला मानेनेच खूण केली, की चल, मार.

काय करणार? चिटणिसांनी पुन्हा मारलं. या खेपेला बाबा घाईत नव्हते. सेनापतीचा हात धरून ते म्हणाले, “तुला सेनापती मीच केला रे!” मरणाच्या प्रवेशात हे वाक्य कुठेच नव्हतं. आत्याने पदर डोळ्याला लावला आणि तिचं बघून बायकांच्या सगळ्या रांगेने लावला. पुन्हा वन्स मोअर. या वेळी मी ओरडले नव्हते.

तिसऱ्यांदा मरताना मात्र बाबांना काय झालं देव जाणे. त्यांनी अर्धवट उठून मूठ वर केली आणि शेवटच्या श्वासाला गर्जना केली, “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र…”

“झालाच पाहिजे!” पटांगण उठून उभं राहिलं. पुढाऱ्यांनाही उभं राहावंच लागलं. त्या घोषणेला बसून राहिलेला पुढारी दुसऱ्या दिवशी गिरगावात फिरू शकला नसता. आणि बिचारे चिटणीस! त्यांनीही रक्ताने माखलेला खंजीर उंचावून, ज्याला आत्ताच मारलं त्याच्याच घोषणेला, “झालाच पाहिजे!” म्हणून घेतलं.

तिसरा वन्स मोअर आला आणि राजा चौथ्यांदा मरायला उठू लागला तेव्हा चिटणिसांचा तोल सुटला. त्यांनी पायाने बाबांना खाली दाबलं आणि म्हणाले, “मरा हो आता एकदाचे!” हे तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

मालवणची एक शेजारीण पहिल्या गॅलरीतून कडाडली, “रे मेल्या, म्हाताऱ्याक लाथ कित्याक मारतस?” मी पडदा टाकायला लावला.

या तीन मरणांत मध्यंतराचा बहुतेक वेळ खाऊन झाला होता. चिटणिसांचं धोतर, कोट आणि पांढरी टोपी आत इस्त्री करून टांगली होती. घोषणा त्या वेषात व्हायची होती. पण कपडे बदलायला वेळच उरला नाही, आणि पुढारी तर घड्याळ बघायला लागलेले. चिटणीस तसेच पडद्याबाहेर गेले. अंगात चिलखत, हाताला कोकमाचं आगळ, कमरेला खंजीर.

“बंधुभगिनींनो,” ते म्हणाले, “आपले सर्वांचे आदरणीय अध्यक्ष यांची प्रकृती अलीकडे ठीक नसल्यामुळे…”

पटांगणातून कोणीतरी ओरडलं, “ठीक कशी असेल, आत्ताच तर तुम्ही मारलंत!”

मी आयुष्यात पुष्कळ हशे ऐकले, पण तसा पुन्हा ऐकला नाही. गॅलरीचे कठडे हलत होते. चिटणीस हात वर करून लोकांना शांत करायला बघत होते आणि तो लाल हात बघून लोक आणखीच लोळत होते. आत बाबा बशीतून चहा पीत बसले होते. आपली प्रकृती बिघडल्याचं ऐकून ते उठले, पडद्यातून मुगुटासकट डोकं बाहेर काढलं आणि म्हणाले, “नाही नाही, मी बरा आहे.”

पुढचे दोन अंक झाले म्हणायचे. शेवटी सेनापती मेला. स्वतःचं मरण त्यांनी दोन पानांचं लिहिलं होतं आणि ते सगळं म्हटलं. वन्स मोअर आला नाही. पडून राहिलेल्या चिटणिसांना वरच्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं, “झालं का?”

विसर्जनानंतरच्या रविवारी चाळीची सभा भरली. अध्यक्ष कोण, हे इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं. त्या वर्षी चिटणिसांनी अध्यक्षाच्या निवडणुकीची नोटीस आधीच लावली होती आणि आता ती मागे घेणं त्यांना कमीपणाचं वाटलं. हात वर करून मतं घ्यायची होती. बाबांसाठी हात वर झाले ते बघून सभा चालवणाऱ्या डॉक्टरांनी मोजायचे कष्टही घेतले नाहीत. मग ते म्हणाले, “चिटणिसांच्या बाजूने?”

कोणी हलेना. काकू मांडीवरच्या मुलीच्या वेण्या घालत होती, ती घालतच राहिली. चिटणीस जमिनीकडे बघत होते, मानेपर्यंत लाल झालेले. आणि तेवढ्यात एक हात वर झाला. बाबांचा.

लोक हसले. चिटणिसांनी मात्र वर बघितलं, तो हात कोणाचा ते त्यांना दिसलं आणि ते सभा सोडून निघून गेले. उमेदवारी पुढे भलत्याच माणसाला मिळाली, ती गोष्ट वेगळी. त्या हशाबद्दल त्यांनी चाळीला वर्षभरात माफ केलं. मालवणच्या शेजारणीचा तर विमासुद्धा उतरवला. पण त्या एका हातासाठी ते बाबांशी पुन्हा कधी बोलले नाहीत. जिन्यात समोरासमोर आले तर भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे.

सभेहून घरी येताना मी बाबांवर इतकी चिडले होते की चपला दारातच भिरकावल्या.

“त्याने तुम्हाला लाथ मारली, सगळ्यांसमोर! आणि तुम्ही हात वर करता?”

“अगं, त्याची मुलगी होती तिथे,” बाबा टोपी खुंटीला अडकवत म्हणाले. “बापाला एकही हात मिळाला नाही, हे पोरीने बघायचं?”

माझा राग तिथल्या तिथे विरघळला. मला रडू आलं, आणि असा बाप आपल्याला मिळाला म्हणून अभिमानही वाटला. मी चहा टाकायला वळले.

“शिवाय,” ते म्हणाले, “आपल्या बाजूचे हात मी आधी बघून घेतले होते. भरपूर होते.”

मी तशीच थांबले.

“आणि एखादाच कमी पडत असता तर?”

बाबांनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

“तर नसता केला वर,” ते म्हणाले, आणि चहात आलं घाल म्हणाले.