रिकाम्या जागी कोण बसणार?

भोर-वेल्ह्याच्या मुलखात प्रोग्रॅम कानाने तपासणारा माणूस एकच, आमचे नसरापूरचे क्लासवाले सर. आता तर त्यांच्याकडे कानच उरलेत, पण ते पुढे सांगतो. खताच्या दुकानावरच्या माडीत त्यांचा कॉम्प्युटर क्लास. आम्ही वेल्ह्याच्या एसटीने यायचो, धापा टाकत जिना चढायचो आणि सर पहिल्याच ओळीला आडवे यायचे. "मोठ्यानं वाच." प्रोग्रॅम चालतो की नाही याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसे. वाक्याचे तुकडे अधिकच्या चिन्हांनी जोडलेले दिसले की कपाळाला आठी. "ठिगळं लावाया ही गोधडी हाय व्हय? वाक्य सलग लिही. आन् मधी ज्याचं नाव येणार, त्याची जागा कंसात नावानिशी दाखव. पाट मांडलाय तर कुणाचा, ते कळाया नको?"

हा हट्ट त्यांना स्वतःच्या लग्नाने लावला. ऐन उमेदीत त्यांनी निमंत्रणाचा मेसेज म्हणे स्वतःच्या प्रोग्रॅमने धाडला. वाक्यात नावांच्या जागी नुसत्या टक्क्याच्या खुणा, कुठे काय बसायचं ते मागे ओळीने लिहिलेलं. तो क्रम चुकला, माणसांच्या जागी गावं बसली आणि साऱ्या भावकीला कळलं की चि. भोंगवली यांचा विवाह चि. सौ. कां. नसरापूर हिच्याशी ठरला आहे. मांडवात दुप्पट माणूस. एक म्हातारबा म्हणाले, "दोन गावांचं लगीन कदी बघितलं न्हवतं, म्हून आलो." जेवण कमी पडलं, ते सरांच्या मंडळी, आमच्या काकू, अजून ऐकवतात. तेव्हापासून सरांची प्रत्येक ओळ काकूंच्या दरबारात जायची. त्या भाजी निवडता निवडता ऐकायच्या. "मला काय बी कळलं न्हाई," म्हणाल्या की सर मुकाट्याने ओळ पुसायचे.

गेल्या वर्षी साखरेने सरांचे डोळे नेले. डोळे गेले म्हणजे क्लास जाणार, आणि क्लासावाचून हा माणूस जगणार कसा, या विचाराने पुण्याच्या ऑफिसात मला रडू यायचं. परवा धास्तावतच जिना चढलो, तर क्लास भरलेला. काकू चष्मा लावून पडद्यावरचं वाचतायत, सर भिंतीला टेकून ऐकतायत, आणि चुका सांगतायत. धडा त्यांच्याच लग्नाच्या निमंत्रणाचा, आता सुधारलेला.

"चि., मग कंसात वराचं नाव," काकूंनी वाचलं.

"थांब," सर म्हणाले. "पोरास्नी सांग, ह्या जागी कोण बसतंय?"

काकू अडल्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, एरवी सगळा कारभार 'ह्यांनी' आणि 'त्यांनी' वर. पोरं वाट बघत होती. काकूंनी पदर सारखा केला आणि सरांचं नाव घेतलं, उखाण्याशिवाय, नुसतंच.

सर भिंतीपासून सरळ झाले.

"बराबर हाय," ते म्हणाले. "फुडच्या जागी कोण, ते मी सांगतो." आणि त्यांनी काकूंचं नाव घेतलं.

इतक्या वर्षांनी ते निमंत्रण पहिल्यांदाच बिनचूक गेलं.