बाकावरचं गिऱ्हाईक

न्हावी असून तोंडातून शब्द काढत नाही, म्हणून लोकांनी त्यांचं नाव मौनीमामा पाडलं होतं. दाढी करताना मामांची अर्धी नजर कायम आरशात. गिऱ्हाइकांना वाटे, स्वारी स्वतःच्याच रूपावर खूश आहे.

आरसा होता जहाजावरचा. मामांच्या वडिलांच्या तरुणपणी गावच्या किनाऱ्याशी एक मालवाहू जहाज वादळात खडकांवर आपटून फुटलं. पोटात आरसेच आरसे. खलाशी झाडून सगळे बुडाले, मालाचा चुरा झाला. त्या वाळूत अजून कुणी अनवाणी फिरत नाही. एक पेटी तेवढी धड वाहत आली. वडिलांनी त्यातला आरसा दुकानात लावला आणि गावभर मिरवला.

मामांनी वस्तरा हाती धरला तेव्हापासून त्या आरशात, मागच्या बाकावर, एकजण दिसे. छातीपर्यंत दाढी, कपडे ओलेचिंब. वळून पाहावं तर बाक रिकामा. तो कुणाला काही करत नसे, नुसता नंबराची वाट बघत बसे. बाकावर गिऱ्हाईक असताना दुकान बंद करायचं नाही, ही वडिलांची शिकवण. मामा मात्र रोज मान खाली घालून कुलूप लावत. भीती होतीच, पण लाज जास्त वाटे.

आता हात थरथरू लागले होते. मुलगी त्यांना कायमचं आपल्या घरी न्यायला आली.

"बाबा, आवरा ना. आभाळ भरलंय, गाडी चुकेल."

"एक गिऱ्हाईक राहिलंय."

तिनं बाकाकडे पाहिलं. "कुणी नाहीये, बाबा."

"तू जरा बाहेर थांब."

मामांनी खुर्ची झटकली आणि आरशात बघून म्हणाले, "या, तुमचा नंबर."

तो उठला. खुर्ची करकरली. मामांनी हवेलाच फडकं बांधलं, तर गाठ नेमकी मानेवर बसली. गाल बर्फासारखा गार. पण वस्तरा टेकवला आणि हात थरथरायचा थांबला. इतक्या वर्षांचं मौन सुटून मामा बोलत सुटले. हवापाणी, मासळीचे भाव, जावयाचं घोरणं. दाढी उतरली तर खाली विशीतलं कोवळं तोंड.

"अरे, पोर आहेस तू," मामा म्हणाले, आणि त्यांना रडू आवरेना.

पोरानं हनुवटी वळवून दोन्ही गाल न्याहाळले, समाधानानं मान हलवली आणि तो दारातून निघून गेला. फरशीवर ओल्या पावलांचे ठसे उमटले.

मामांना हायसं वाटलं. पिशवी उचलून त्यांनी शेवटचं म्हणून आरशात पाहिलं. बाकावर दुसरा बसला होता. तिसरा दारात होता. त्याच्या मागे पार रस्त्याच्या वळणापर्यंत भिजलेली माणसं, एकेक पाऊल पुढे सरकत.

"झालं का, बाबा?" मुलीनं बाहेरून विचारलं.

"तू हो पुढे," मामा म्हणाले, आणि वस्तऱ्याला धार लावू लागले.