शहाजीनं रिग थांबवली

आटपाडीच्या शहाजी खरातला लोक पहिल्यांदा ओळखायला लागले ते बोअरच्या गाडीवरचा माणूस म्हणून. विशी-पंचविशीतली सगळी वर्षं त्यानं सांगली-सोलापूरच्या माळांवर पाण्यासाठी भोकं पाडण्यात घालवली. बिटखालून, म्हणजे दगड फोडणाऱ्या दात्याखालून वर येणारी भुकटी चिमटीत धरायचा, बोटांनी चोळायचा आणि सांगायचा, "काळा दगड सरला. आता मांजऱ्या लागंल." मांजऱ्या म्हणजे पाणी धरणारा मऊ दगड. बहुतेक वेळा तो लागायचाच. शाळा दहावीपर्यंत झालेली. त्यातलं इंग्रजी तेवढं काठावर सुटलेलं.

दोन हजार दहा साली ओळखीतल्या एकानं त्याला कतारला पाठवलं. कतारच्या पश्चिम किनाऱ्यावर दुखान आहे, देशातलं सगळ्यात जुनं तेलक्षेत्र. पांढरट सपाट जमीन, रस्त्याकडेनं धावणारे पाइप आणि लांब कुठंतरी जळणारा वायू. एका ठेकेदार कंपनीच्या रिगवर त्याला अगदी खालचं काम मिळालं: पाइप पुसायचे, चिखल उपसायचा, हाक आली की धावायचं. पहिल्याच दिवशी त्यानं शेजारच्या फजलला विचारलं, "हमारे यहाँ पानी लगा तो नारियल फोडते. इधर तेल लगा तो क्या फोडते?"

फजल पेशावरकडचा. तो हसून म्हणाला, "यहाँ सिर्फ पसीना फूटता है, भाई."

तिथून त्यांची दोस्ती जमली.

शहाजी शिकत गेला. यंत्राचा आवाज, दोराचा ताण, ब्रेकची थरथर, सगळं तो कान देऊन ऐके. दोन हजार सतरात शेजारच्या देशांनी कतारची सरहद्द बंद केली, तेव्हा तो आठवडी सुट्टीला एशियन टाउन या कामगारांच्या बाजारात गेला होता. दुकानातली दुधाची फळी रिकामी होती. दूध सरहद्दीपलीकडून यायचं, ते थांबलं. लोक पिशव्या भरभरून तांदूळ नेत होते. पण डोक्यावरचा दिवा एकदाही मिणमिणला नाही, एसी गुरगुरत होता, कारण वीज घरच्या वायूवर चालत होती. शहाजी त्या रिकाम्या फळीकडं आणि वरच्या दिव्याकडं बराच वेळ बघत उभा राहिला. आपण दुखानात नुसता चिखल उपसत नाही, एवढं त्याला त्या दिवशी उमगलं.

ड्रिलर, म्हणजे रिगचा ब्रेक हाती असलेला माणूस व्हायचं तर विहीर काबूत ठेवण्याची परीक्षा द्यावी लागे, आणि ती इंग्रजीत. पहिल्या खेपेला शहाजी सपशेल नापास झाला. रिगवर मडचं, म्हणजे विहिरीत सोडायच्या चिखलाचं काम बघणारी निशिगंधा पाटील नावाची कोल्हापूरची इंजिनिअर होती. ती म्हणाली, "दादा, तुम्हाला विहीर कळते, प्रश्नच कळत नाहीत. शुक्रवारी घरी या."

मग वर्षभर दर शुक्रवारी तो बसनं दोह्याला, अल मुंतझातल्या तिच्या फ्लॅटवर जायचा. तिचा नवरा कुणाल पोहे करायचा, आणि वयानं पंधरा वर्षांनी मोठा हा गडी वहीवर रेघा मारत 'प्रेशर'चं स्पेलिंग घोटत बसायचा. दुसऱ्या खेपेला तो पास झाला. निशिगंधाला फोन करून एवढंच म्हणाला, "मॅडम, जमलं वो."

त्यानंतरची ती फेब्रुवारीतली सकाळ. धुकं उतरत होतं. बिट बदलायचं म्हणून साडेसहा हजार फुटांवरून पाइप वर काढणं चाललेलं. शहाजी ड्रिलरच्या जागेवर, फजल ऐंशी फूट उंच मचाणावर. या कामाचा एक नियम आहे. जेवढं लोखंड वर येईल, तेवढ्या मापाचा मड विहिरीत ओतायचा. मड म्हणजे भुकटी मिसळून जड केलेला पातळ चिखल. त्याच्या वजनानं खालचा वायू खालीच दबून राहतो. त्या सकाळी विहीर दोन पिंपं मड कमी प्याली. म्हणजे तेवढ्या जागेत खाली दुसरंच काहीतरी शिरलं होतं.

शहाजीनं ब्रेक दाबला.

रिगचा प्रमुख अरुणकुमार केबिनमधून धावत आला. "क्यों रोका?"

"साब, कुआँ मड कम पी रहा है. नीचे गॅस घुसा है."

दोघांनी दहा मिनिटं विहिरीच्या तोंडाकडं बघितलं. मड निवांत होता, साधा बुडबुडाही नाही. अरुणकुमारचा जीव भांड्यात पडला. "देखो, कुछ नहीं है. माप में गलती हुई होगी. आठ घंटे पीछे हैं हम. यल्ला, चलो, निकालो."

इथं वरिष्ठाला नाही म्हणणारा माणूस पुढच्या विमानात बसू शकतो, हे शहाजीनं पाहिलं होतं. तरी त्याचा हात ब्रेकवरून हलला नाही.

"निकालना है तो मेरी जगह दूसरा आदमी बिठाओ," तो म्हणाला. "मैं पाइप वापस नीचे ले जाऊँगा और पूरा मड घुमाऊँगा."

"और कुछ नहीं निकला तो?"

"तो मुझे घर भेज देना."

अरुणकुमार वाईट माणूस नव्हता. ऑफिसचे फोन त्याच्या कानाला चिकटलेले असत. त्यानं क्षणभर शहाजीच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि हात झटकला. "बस, खलास. करो."

पाइप खाली गेले. मग शहाजीनं फजलला मचाणावरून उतरवलं. तो कुरकुरत उतरला. पंप सुरू झाले. पाऊण तास काहीच नाही. अरुणकुमार घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता, आणि शहाजीला वाटायला लागलं, झालं, आपलं गाठोडं बांधायची वेळ आली.

तेवढ्यात टाकीतल्या मडची पातळी चढायला लागली. आधी बोटभर, मग वीतभर. खालून चढणारा वायू मडला वर ढकलत होता.

शहाजीनं पाइप उचलला, पंप बंद केले आणि लिव्हर ओढली. पायाखालची अजस्र झडप विहिरीभोवती आवळली गेली. त्याच दमात गॅसचा भोंगा वाजला. दुखानच्या वायूत विष असतं. छातीत दोन श्वास गेले की माणूस आडवा. सगळ्यांनी मास्क चढवले आणि वारा येत होता त्या अंगाला धावले. झडप टिकली. पुढं दुपारभर त्यांनी जड मड आत ढकलत तो वायू थोडा थोडा सोडून जाळला. चार वाजता विहीर गप्प झाली. कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

फजल शहाजीजवळ येऊन बसला. वर मचाणाकडं बघून त्यानं नुसता शहाजीचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

अरुणकुमारनं अहवालात लिहिलं: 'ड्रिलरनं माझं न ऐकता काम थांबवलं. तोच बरोबर होता.' असं लिहायलाही छाती लागते, असं शहाजी पुढं सगळ्यांना सांगायचा.

मधल्या काळात निशिगंधा भारतात परतली होती. गुजरातेत जमिनीवर तेलविहिरी खोदणाऱ्या कंपनीत ती लागली होती. गेल्या वर्षी तिचा फोन आला. "दादा, इथं नव्या रिग येतायत. देशाला लागणारं बहुतेक तेल आपण बाहेरून आणतो, माहितीय ना? विहिरी आहेत, पोरं आहेत. विहिरीचं ऐकायला शिकवणारं कुणी नाही. पगार मात्र तिथल्यासारखा नाही हां."

शहाजीनं आटपाडीला बायकोला, बबीताला विचारलं. त्याला वाटलं होतं त्याहून लवकर उत्तर आलं. "आवं, सिलिंडरवाला दरवेळी सांगतो, गॅस भाईरनं येतो, भाव आपल्या हातात न्हाई. तुमच्या हातात तर त्यो काढायचं कसब हाय न्हवं? या की मग."

"कमी पगारात भागंल?"

"आपली पोर राणी नोकरीला लागलीया. आता भागंल तेवढ्यात भागवू."

शेवटचे दोन महिने शहाजीनं ड्रिलरच्या जागेवर फजलला बसवलं आणि स्वतः मागं उभा राहिला. जायच्या आदल्या आठवड्यात फजलनं भर कामात ब्रेक मारला. मडचं माप चुकतंय म्हणाला. अरुणकुमार पळत आला, सगळी रिग थांबली, तासभर तपासणी झाली. निघालं काय, तर मापाचा तरंगता गोळा टाकीत अडकला होता. विहिरीत काही नव्हतं. फजल शरमेनं लाल झाला.

"माफ करना, साब," तो अरुणकुमारकडं बघत पुटपुटला.

शहाजीनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "माफी कैसी? अगली बार भी ऐसेच रोकना."

अरुणकुमारनं मान डोलावली आणि पुन्हा केबिनकडं गेला. त्या गुरुवारी शहाजी अहमदाबादच्या विमानात बसला. सोमवारी मेहसाण्याजवळच्या एका रिगवर चौदा नवी पोरं त्याच्यापुढं उभी होती, आणि तो त्यांना मडनं भरलेली बादली दाखवत सांगत होता, माप चुकलं की आधी थांबायचं.