केकवरचा आकडा

केक कुकरमध्ये, वाळूवर भाजला होता. मुरबाडमध्ये तेव्हा आमच्या ओळखीच्या कुणाकडेही ओव्हन नव्हता. झाकणाचं रबर आणि शिटी काढायची, तळाला दोन बोटं वाळू घालायची, ती तापली की त्यावर पिठाचा डबा ठेवायचा, ही रीत माझ्या वर्गमैत्रिणीला तिच्या वाशिंदच्या आत्याने शिकवली होती. आम्ही दोघींनी नुकतीच बारावीची परीक्षा दिली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं.

केक आमच्यातल्या तिसरीसाठी होता. ती वैशाखरे गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावर राहायची आणि दोन वर्षं एसटीने कॉलेजला येत होती. तिच्या पासावर जन्मतारीख होती एक जून. त्या हिशेबाने तिला आता अठरा वर्षं पूर्ण होणार होती. वाढदिवसाचा विषय तिने स्वतः कधी काढला नव्हता. आम्ही तो लाजाळूपणा समजलो.

तिला नर्सिंगला जायचं होतं. प्रवेशाचा फॉर्म आम्ही तिघींनी जाऊन आणला होता आणि तो माझ्याकडे होता. तिच्या लग्नाची बोलणी घेऊन एक घर दोनदा येऊन गेलं होतं, हेही आम्हाला ठाऊक होतं. तिच्या वडिलांनी त्यांना काय सांगून थांबवलं, ते आम्ही कधी विचारलं नाही.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मैत्रिणीच्या घरी सकाळी दहाला सुरुवात केली. नदीची वाळू चाळून, धुऊन, उन्हात वाळवली होती. कोकोचा डबा तिच्या वडिलांनी कल्याणहून आणला होता. अंडी आमच्या घरची, भाताच्या तुसात ठेवून आणलेली. मैदा आणि कोको तीनदा चाळला. कुकरमध्ये एका वेळी एकच डबा मावत असल्यामुळे दोन थरांना दोन तास लागले. मैत्रिणीची आई दारातून पाहत होती.

"वाळूत केक भाजताय. उद्या दगडावर खीर शिजवाल."

"तुला नाय मिळणार एक पण तुकडा," मैत्रीण म्हणाली.

"नको गो बाय. दात शाबूत राहूदे माझे."

पहिला थर मध्ये फुगून तडकला. तो खाली घातला. दोन्ही थरांना साखरेचं पाणी लावलं. लोणी आणि पिठीसाखर फेटून त्यात कोको मिसळला, थोडं लोणी पांढरं ठेवलं. उकाड्याने ते सारखं पातळ होत होतं, म्हणून पातेलं माठाच्या गार पाण्यात धरून फेटावं लागलं. दुधाच्या रिकाम्या पिशवीचा कोपरा कापून कोन केला. माझं अक्षर बरं होतं, म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. कडेने ठिपके काढले आणि मधोमध पांढऱ्या लोण्याने आकडा लिहिला: १८.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघालो. स्टीलच्या डब्याच्या झाकणावर केक ठेवून वरून डबा पालथा घातला होता. पाऊण तास तो मैत्रिणीच्या मांडीवर होता. आम्ही येणार हे तिला कळवलं नव्हतं.

घराच्या ओटीवर तिच्या वडिलांसमोर दोन पाहुणे बसले होते. त्यातले वयस्कर गृहस्थ लग्नाच्या मुलाचे काका आहेत, हे आम्हाला नंतर समजलं. ती पाण्याचे तांबे घेऊन बाहेर आली, आम्हाला बघून थांबली. मैत्रिणीने डबा उचलला. लोणी एका बाजूला ओघळलं होतं, पण आकडा शाबूत होता.

"काय आणलंय पोरींनी?" काकांनी विचारलं.

"केक. हिचा वाढदिवस आहे आज," मैत्रीण म्हणाली.

काका पुढे वाकले. "अठरा. कशाचे अठरा?"

"हिला अठरा पूर्ण झाली," मी म्हणाले.

काका वडिलांकडे वळले. "तुमी तर सांगत होतात, पोरीला सतरावं चालू हाय."

उत्तर आतून, तिच्या आईकडून आलं. "सतरावंच हाय. ही झाली तवा आमी भात झोडत होतो. मोठीसंगं शाळंत बसवली, तर मास्तरांनी वय वाढवून तारीख लावली एक जून. सगळ्या पोरांना तीच."

"मास्तरांनी लिवलं, या शिकल्याल्या पोरींनी लिवलं. येगळं सांगणारे तुमीच दोघं," काका म्हणाले. मग हसले. "नाय म्हणायचं होतं तर तसं म्हणायचं. पोरीचं वय कशाला चोरायचं?"

वडील खरं सांगत होते. आजवर आईचा शब्द असताना तिच्या वयाला दुसरा पुरावा लागत नव्हता, आणि आम्ही तो घेऊन आलो होतो. कागदावरची अठरा वर्षं तिला नर्सिंगच्या प्रवेशाला उपयोगी पडणार होती. लग्न लांबवायला वडिलांना तिचं खरं वय पुरेसं होतं. ही दोन वयं एका जागी येऊ नयेत, एवढंच त्या घराने सांभाळलं होतं.

घरात सुरी नव्हती. तिने भाकरीचं उलथनं आणलं आणि आकड्यावरून सरळ खाली दाबलं. पहिला तुकडा पाहुण्यांना दिला.

"कडू लागतंय जरा," काका म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी आणखी मागितला.

ती आम्हाला सडकेपर्यंत सोडायला आली. एसटी दिसू लागल्यावर तिने विचारलं, "तारीख कुठून मिळाली गो तुमाला?"

"तुझ्या पासावर होती."

"पासावर," ती म्हणाली. रिकामा डबा तिने धुऊन आणला होता. तो मैत्रिणीच्या हातात दिला आणि ती परत फिरली.

पंधरा दिवसांत, पेरणीच्या आधी, लग्न झालं. आम्ही दोघी गेलो होतो. फॉर्म माझ्याकडेच राहिला. मुलाकडच्यांनी कधीतरी शाळेचा दाखला मागितलाच असता, तारीख तशीही बाहेर आली असती, हे मी स्वतःला बरेचदा सांगितलं आहे. पण फॉर्मची मुदत महिनाभराचीच होती, आणि वडिलांना तेवढाच वेळ हवा होता.

पुढे मी वर्तमानपत्रात काम केलं. बातमीत नावापुढे कंसात वय लिहायची पद्धत आहे. ते कागदावरून घ्यायचं, तोंडी सांगितलेलं घ्यायचं नाही, हे तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मी ते पाळलं. दर वेळी पाळताना थोडा वेळ लागायचा, तो कुणाच्या लक्षात आला नाही.

सात-आठ वर्षांनी ती मुरबाडच्या एसटी स्टँडवर भेटली. सोबत मुलगी होती. त्याच सकाळी तिचं नाव पहिलीत घालून ती आली होती.

"मास्तर एक जूनच लावत होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, नाय. ही श्रावणातली. दवाखान्याचा कागूद काढून ठेवला समोर."

"लावली का बरोबर?"

"न लावून सांगतात कुणाला?" गाडी लागायला वेळ होता. तिने मुलीच्या दप्तराचा बंद घट्ट केला. "केक येतो का गो तुला अजून?"

"येतो."

"श्रावणात कर हिच्यासाठी. पण वर काय लिवू नको."

माझ्याकडे तेव्हा ओव्हन होता. तरी मी वाळू आणली, कुकरमध्येच दोन थर भाजले आणि डब्याच्या झाकणावर ठेवून तिच्या सासरी घेऊन गेले. वर फक्त कडेचे ठिपके होते, मधली जागा मोकळी. मुलीने ती बोटाने चाचपली आणि मला विचारलं, "मी कितीची झाले?"

मी तिच्या आईकडे पाहिलं.

"सहाची," आई म्हणाली. "आज सकाळी पुरी झालीस."