साडूभाऊंची सापशिडी

सापशिडी हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे असं ज्यांना वाटतं, ते मूल गावी आमच्या थोरल्या साडूभाऊंसमोर कधी बसलेले नाहीत. साडूभाऊंची सारी नोकरी आलापल्लीच्या जंगलात वनरक्षक म्हणून गेली. निवृत्त झाल्यावर राखायला जंगल म्हणून एवढा एक पुठ्ठा उरला, आणि तो ते पगार चालू असल्यासारखा राखतात. खेळाआधी ते नियम ऐकवतात. सहा पडल्याशिवाय सोंगटी निघणार नाही, फासा स्टीलच्या पेल्यातूनच टाकायचा, आणि शंभरच्या घरात जायला नेमकं तेवढंच दान हवं; एकानं जरी जास्त पडलं तरी जागेवर बसून राहायचं. इथवर ठीक आहे, सगळीकडे थोडंफार असंच खेळतात. पण एकदा त्यांचीच सोंगटी सापाच्या तोंडात गेली, तर त्यांनी चष्मा लावून साप तपासला आणि ते जागचे हलले नाहीत. म्हणाले, "ही धामण आहे. हिच्यात जहरच नाई, मंग मी खाली काऊन जाऊ?" मी शिडीपाशी पोचलो, तर ती बांबूची निघाली. माझं वजन तिला पेलणार नाही, असं त्यांनी माझ्या पोटाकडे बघत जाहीर केलं. त्याच शिडीवरून त्यांची दुसरीतली नात सरसर वर गेली, तेव्हा बांबू मजबूत होता.

फाशाशी मात्र लबाडी चालत नाही. माझ्या बायकोचा फासा घरंगळत दिवाणाखाली गेला. पुन्हा टाकते म्हणाली, तर साडूभाऊंनी टॉर्च घेऊन, पालथं पडून दान तिथंच वाचलं आणि तिला सापाच्या तोंडी दिलं. त्या सापाची जात विचारायचं तिला रागाच्या भरात सुचलं नाही.

ही नात त्यांच्याजवळच वाढली. यंदा आईबापांनी तिला शाळेसाठी नागपूरला नेलं आणि घर एकदम गप्प झालं. आता रविवारी फोनवर डाव होतो. पुठ्ठा मूलला, म्हणून तिचं दानही साडूभाऊच टाकतात आणि मोठ्यानं सांगतात. डाव संपला की पोरगी फोन ठेवून खेळायला पळते, ती थेट पुढच्या रविवारी सापडते. मग साडूभाऊ बराच वेळ सोंगट्या आवरत बसतात. सोंगट्या असतात दोनच.

मागच्या रविवारी मी शेजारीच बसलो होतो. तिची सोंगटी नव्याण्णववर होती, जिंकायला फक्त एक हवा होता. साडूभाऊंनी तिचा फासा टाकला. एकच पडला. मी पाहिला, त्यांनीही पाहिला.

"किती पडले, आबा?" तिनं विचारलं.

"तीन," साडूभाऊ म्हणाले. "थांब बेटा, जमलं नाई अजून. आता माझी पाळी."

त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. मला एकाएकी त्यांच्याबद्दल फार माया दाटून आली. मी पुठ्ठ्यावरची नजर काढून खिडकीबाहेर बघत राहिलो, आणि ते पेला फार सावकाश हलवत राहिले.