हात न लावता उडवलेलं विमान

आमच्या शेजारचे टेलर मास्तर चिडले की त्यांचा पाय हलायला लागतो. सध्या तो थांबतच नाही. त्याला कारण मी, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर त्यांच्या घरच्या वहिनी सांगतीलच, मीठमसाला लावून.

पक्षाघाताने मास्तरांचा उजवा हात गेला आणि दुकान बंद झालं. तीस वर्षं जगाची मापं काढणारा माणूस घरात बसून भिंतींची मापं काढू लागला. मग कॉम्प्युटरवर विमानांचा गेम सापडला. जॉयस्टिक धरायला हात नाही, म्हणून त्यांनी एक सॉफ्टवेअर टाकलं. ते गेमला बेधडक थाप मारतं, की इथं जॉयस्टिक जोडलेली आहे! प्रत्यक्षात डाव्या हाताशी कीबोर्ड आणि टेबलाखाली विजेच्या शिलाई मशीनचं पेडल, वायर जोडून घेतलेलं. पेडल दाबाल तसा वेग. आणि पाय कुणाचा? रेशमावरही टाका न चुकलेला! नेटवरच्या क्लबात मास्तर शर्यतींमागून शर्यती मारू लागले.

मला कुठलं राहवायला! अंतिम शर्यतीच्या आदल्या दिवशी क्लबच्या चॅटवर मी लिहिलं, "आमचे मास्तर स्टिकला हातही न लावता तुम्हाला लोळवतात."

तासाभरात पंचाने ते थापाडं सॉफ्टवेअर हुडकून सगळ्यांसमोर जाहीर केलं: विमान सॉफ्टवेअरच उडवतं, हा भामटा नुसता बसतो. मास्तर क्लबाबाहेर.

ते थेट माझ्या दारात. "तुमच्या तोंडाला काजं करून बटणं लावतो, थांबा!"

"अहो, कौतुक केलं मी!"

"कौतुक? उरलेली चिंधीसुद्धा गिऱ्हाइकाला परत दिली मी. मी भामटा?"

"त्या पंचाला पाय दाखवा की," वहिनी मागून म्हणाल्या.

कॅमेरा टेबलाखाली लावला. पंच पडद्यावर आला. मास्तरांनी दोन डोंगरांमधल्या फटीतून विमान सुईत दोरा ओवावा तसं काढलं.

"ठीक आहे काका, उद्या खेळा."

"भामटा म्हणालास, ते आधी मागे घे. सगळ्यांसमोर."

"आता कशाला वाढवता, काका?"

मास्तरांनी पेडलवरून पाय काढून घेतला. विमान डोंगरावर आदळलं. अंतिम शर्यत त्यांच्याविना झाली.

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. मी मात्र चॅटवर रोज सकाळी एकच ओळ लिहायचो: "पंचसाहेब, मास्तरांची माफी कधी मागताय?" काल मलाही हाकललं.

मास्तरांना जाऊन सांगितलं. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं, जणू कोटाचं माप घेतायत.

"आत या," म्हणाले. "पण तोंड बंद."